चौथी पाकळी

"आता कोणी बोलू नका," धुरी सर म्हणाले.

बोलत कोणीच नव्हतं. सरांच्या परसात फणसाखाली गुडघ्याएवढा काळा दगड होता आणि त्याच्या अंगावर भागी काकीनं जास्वंदीच्या चार पाकळ्या पाण्यानं चिकटवल्या होत्या. पहिली सरांची, दुसरी गवस वकिलांची, तिसरी वासंतीबाई प्रभूंची आणि चौथी माझी. दुपारचे साडेचार झाले असतील. आम्ही पाचही जण त्या पाकळ्यांकडे टक लावून बसलो होतो. बाहेरच्या कोणी बघितलं असतं तर या लोकांना काही कामधंदा नाही असंच म्हटलं असतं.

वासंतीबाईंची पाकळी कडेनं सुटली, जराशी लोंबली आणि पडली.

"झालं," सर म्हणाले. "बाई, तुमचं पुस्तक. तिसऱ्या रविवारी तुमच्याकडे."

"बघा, परत मीच. आता पुन्हा घर आवरा."

बाई कुरकुरल्या, पण चेहरा खुलला होता. मीही हसलो. माझी पाकळी दगडाला चिकटूनच होती. चहा झाला, गप्पा झाल्या, आम्ही जायला उठलो तरी ती जागची हलली नाही. सलग दहावा महिना होता तो.

हे अठ्ठ्याऐंशी सालचं. मी सिद्राम हत्तुरे, मूळचा सोलापूरकडचा. चौतिसाव्या वर्षी कोकणात माडवेळला आलो, तिथल्या कुष्ठरुग्णालयात चपला करायला. त्या चपला साध्या नसतात. या रोगात पायाची जाणीव जाते. खडा रुतला, काच गेली, तरी माणसाला पत्ता नसतो, आणि मग जखम चिघळते. म्हणून तळवा मऊ काळ्या रबराचा करायचा आणि खिळा एकही मारायचा नाही, सगळं चिकटवायचं. दिवसभर मी रबर कापायचो, सोल्यूशन लावायचो आणि दाबून धरायचो. त्या कामात माझा हात चांगला बसला होता, असं मी आजही छाती काढून सांगेन.

राहायला आवारातच एक क्वार्टर होतं. लग्न झालेलं नव्हतं. दोन ठिकाणी बोलणी झाली, नोकरी कुठं ते कळल्यावर दोन्हीकडची पत्रं बंद झाली. आई होती तोवर सुट्टीला घरी जायचो, ती गेल्यावर तेही थांबलं. वॉर्डातली माणसं माझ्याशी बोलत, पण ती पायासाठी येत आणि चप्पल पायात बसली की जात. रविवार मला खायला उठे. एका रविवारी मी सकाळपासून कोणाशीही एक शब्द बोललो नाही हे मला संध्याकाळी खोकला आला तेव्हा कळलं, आपलाच आवाज परका वाटला.

त्यानंतरच्या आठवड्यात गावच्या वाचनालयात एक चिठ्ठी चिकटवलेली दिसली. 'अनगड देव वाचक मंडळ. ज्यांना झाडात, पाण्यात, न घडवलेल्या दगडात देव दिसतो त्यांनी यावे.' मला झाडात देव दिसतो की नाही याचा मी कधी विचार केला नव्हता. पण 'यावे' असं लिहिलं होतं, म्हणून गेलो.

धुरी सर निवृत्त हेडमास्तर. पायात कोल्हापुरी, टाच बाहेरच्या बाजूनं झिजलेली. मी माणूस पायापासून बघायला लागतो, धंद्याची खोड. गवस वकिलांचे बूट रविवारीसुद्धा चकचकीत असत. वासंतीबाई शाळेत इतिहास शिकवत, त्यांच्या चपलेचा अंगठा नेहमी शिवलेला. आणि भागी काकी अनवाणी. ती गुरवाच्या घरची, नवरा जाऊन वीस वर्षं झालेली. तिला वाचता येत नव्हतं, पण ऐकायला ती पहिली येऊन बसे.

"इंग्रजीत आपल्यासारख्यांना पेगन म्हणतात," सरांनी मला पहिल्याच दिवशी समजावलं होतं. "पूर्वी शिवी होती ती. आता तिकडची माणसं अभिमानानं सांगतात, आम्ही पेगन. देऊळ बांधायच्या आधीचे जे देव, ते आपले. स्मशानातले, वेशीवरचे, ज्यांना कोणी घरात घेत नाही असे. त्यांच्याबद्दल जगात जिथं जे लिहिलंय ते आपण वाचतो."

मला ते फार आवडलं. ज्यांना कोणी घरात घेत नाही असे देव.

मंडळाची रीत अशी. कोकणात देवाला कौल लावतात. मूर्तीच्या उजव्या-डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या लावायच्या, मनातलं विचारायचं आणि कुठली आधी पडते त्यावरून देवाचा होकार-नकार ओळखायचा. सरांनी त्यात आमच्यापुरता फेरफार केला होता. पहिल्या रविवारी प्रत्येकानं एक पुस्तक सुचवायचं आणि आपल्या नावाची एक पाकळी लावून घ्यायची. ज्याची पाकळी आधी पडेल त्याचं पुस्तक त्या महिन्याचं. प्रत बहुतेक वेळा एकच असे, म्हणून तिसऱ्या रविवारी सगळ्यांनी त्याच्या घरी जमायचं आणि त्यानं मोठ्यानं वाचायचं. चहा-फराळही त्याच्याकडेच. पाकळ्या लावायचं काम भागी काकीचं. देवळात बायकांनी कौल लावायचा नसतो, पण हा दगड सरांच्या परसातला होता आणि नवऱ्याचा हात बघून बघून तिला ते येत होतं.

आता खरं सांगतो. मला पुस्तकाचं तितकं नव्हतं. माझ्या घरी माणसं यावीत एवढंच होतं. त्या क्वार्टरमध्ये मी तीन वर्षं राहिलो होतो आणि त्या काळात एकही माणूस माझ्या खोलीत बसून पाणी प्यालेला नव्हता. वासंतीबाईंकडे, वकिलांकडे, सरांकडे आळीपाळीनं वाचनं होत. मी प्रत्येक घरात गेलो. तिथं मला चहा स्टीलच्या पेल्यात मिळे, बाकीच्यांना कपात. त्यांच्याकडे कप मोजकेच असतील असं मी धरून चाललो होतो.

आणि माझं पुस्तकही चांगलं होतं, उगाच नाही. सोलापूरच्या जुन्या बाजारात मिळालेलं साठेक पानांचं चोपडं. जे देव गावाची राखण करत फिरतात आणि ज्यांना माणसं चपला वाहतात, त्यांच्याबद्दल. वर्षानं त्या चपलांचे तळवे झिजलेले सापडतात म्हणे. मी चपला करणारा, मला ते आपलंच पुस्तक वाटायचं. दर महिन्याला मी तेच सुचवायचो आणि दर महिन्याला माझी पाकळी दगडाला धरून बसायची.

"हत्तुरे, तुमचा देव भारी हट्टी आहे," वकील म्हणायचे, आणि सगळे हसायचे.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी भागी काकी नव्हती. लेकीच्या बाळंतपणाला वेंगुर्ल्याला गेली होती. पाकळ्या कोणी लावायच्या यावर जरा चर्चा झाली. वासंतीबाई म्हणाल्या मला जमणार नाही, वकील म्हणाले माझे हात थरथरतात.

"हत्तुरे लावतील," सर म्हणाले. "चिकटवाचिकटवी हा त्यांचाच विषय."

मी तांब्या घेतला आणि दगडासमोर बसलो. पहिली पाकळी लावली आणि अंगठ्यालाच सगळं समजलं. यात समजण्यासारखं फार नव्हतंच. पाणी जास्त, दाब सारखा, तर पाकळी तासभर धरते. पाणी कमी, दाब कडेला, तर मिनिटाभरात सुटते. दहा महिने मी देवाच्या मर्जीकडे डोळे लावून बसलो होतो आणि ती मर्जी पाकळी लावणाराच्या अंगठ्यात होती.

दुसरा विचार लगेच आला. म्हणजे भागी काकी. दहा महिने, एकदाही नाही. माझं तिच्याशी काय वाकडं होतं? मी तिला कधी उलट बोललो नव्हतो. एकदा तिच्या पायाची भेग बघून चप्पल करून देऊ का म्हणून विचारलं होतं, तेवढाच काय तो आगाऊपणा.

सरांची पाकळी मी नीट भिजवून लावली. वकिलांची, बाईंचीही. मग अंगठा पँटला पुसून कोरडा केला आणि माझी पाकळी नुसती टेकवली.

ती लगेच पडली. सर 'आता' एवढंच म्हणाले होते, पुढचं वाक्य त्यांच्या तोंडात राहिलं.

सगळे पडलेल्या पाकळीकडे बघत राहिले. मला वाटलं, माझी लबाडी कळली. पण मग सर म्हणाले, "छान. शेवटी हत्तुऱ्यांचा देव पावला," आणि वासंतीबाई म्हणाल्या, "हो ना, किती दिवसांनी," आणि वकिलांनी घड्याळात बघितलं.

"तिसऱ्या रविवारी चार वाजता," मी म्हणालो. "मी शेंगापोळ्या करणार आहे. सोलापूरच्या. तुम्ही खाल्ल्या नसतील."

"येतो म्हणजे येतो," वकील म्हणाले.

त्या दोन आठवड्यांत मी काय काय केलं ते आठवलं की आजही माझी मला दया येते. खोलीला चुना दिला. व्यायामाच्या खोलीतून चार खुर्च्या मागून आणल्या. निळ्या काठाचे सहा कप घेतले, एखादा फुटला तर कमी पडायला नको म्हणून एक जास्तीचा. पुस्तक तीनदा मोठ्यानं वाचून बघितलं, कुठं थांबायचं, कुठं आवाज चढवायचा. शेंगा भाजून, सोलून, गूळ घालून कुटल्या. आईच्या हाताखाली शिकलो होतो, पण पोळी फुटू न देता लाटायला तीन दिवस सराव करावा लागला, आणि त्या फुटक्या पोळ्या मीच जेवलो.

त्याच आठवड्यात बाजारात भागी काकी भेटली. टोपलीत लाल माठाच्या जुड्या होत्या. लेकीला मुलगी झाली म्हणून सांगितलं.

"मास्तर म्हणाले, तुजी पाकळी पडली," ती म्हणाली.

"पडली. देवाच्या मनात होतं."

"लावल्यान कोणी?"

"मीच."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग टोपली या कडेवरून त्या कडेवर घेतली. "मी येतंय," ती म्हणाली.

"या की. सगळेच येणार आहेत," मी म्हणालो. जितकं कोरडं म्हणता येईल तितकं कोरडं म्हणालो, आणि तिचं उत्तर ऐकायला थांबलो नाही.

तिसऱ्या रविवारी मी साडेतीनलाच आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसलो. पोळ्या डब्यात होत्या, तूप पातळ करून ठेवलं होतं, चहाचं आधण तयार. चार वाजले. चार वाजून दहा मिनिटांनी ड्यूटीवरच्या सिस्टरनं हाक मारली, फोन आहे म्हणून.

"अहो हत्तुरे," वासंतीबाई होत्या. "आमच्याकडे बघा ना, अचानक कुडाळहून पाहुणे आले. आता कसं सोडून येऊ? वाचनाचं मला नंतर सांगा हं सगळं."

"हो, हो. पाहुण्यांना सोडून कसं येणार," मी म्हणालो.

साडेचार झाले. वकिलांची स्कूटर मला आवाजावरून ओळखू येई. दोन स्कूटर रस्त्यानं गेल्या, त्यांतली एकही त्यांची नव्हती. पावणेपाचला फाटकावरचे मांजरेकर आले. "धुरी मास्तर आलेत. बाहेर उभे आहेत."

मी जवळजवळ धावतच गेलो. सर फाटकाबाहेर सायकल धरून उभे होते. धाप लागलेली होती.

"सर, आत या ना."

"येतो, येतो. जरा दम खातो. बाकीचे आले?"

"नाही अजून. बाईंचा फोन आला, त्यांच्याकडे पाहुणे आलेत. वकील येतीलच."

"हां." सरांनी सायकलची घंटी उगाच पुसली. "मग असं करू या का, हत्तुरे? सगळे नसताना वाचून काय मजा? आपण पुढं कधीतरी माझ्याकडे वाचू. पुस्तक तुमचंच. जागा तेवढी माझी."

"सर, पोळ्या केल्यात मी. दोन घास खाऊन तरी जा."

"आज उपास आहे हो माझा."

"मग चहा?"

"चहासुद्धा नाही."

मागच्याच रविवारी मी वाचनालयाजवळच्या हॉटेलात सरांना बटाटेवडा खाताना बघितलं होतं. ते माझ्याकडे बघत नव्हते. फाटकाच्या कडीकडे बघत होते, आणि कडीवर माझा हात होता. मी हात काढला, तरी त्यांनी फाटकाला हात लावला नाही.

"गैरसमज करून घेऊ नका," ते म्हणाले. "मला स्वतःला काही नाही. मला ठाऊक आहे हा रोग असा कोणाला होत नाही. पण घरी सून आहे, लहान मूल आहे. माणसं बोलतात."

"बरोबर आहे सर."

"या हं पहिल्या रविवारी."

"येतो."

सर वाईट माणूस नव्हते. हे मी आजही म्हणतो. ते निदान फाटकापर्यंत आले आणि खरं काय ते बोलले. पण सायकल वळवून ते गेले तेव्हा मला माझ्या खोलीकडे परत जायची लाज वाटली. मांजरेकरांनी सगळं ऐकलं होतं. ते विडी शिलगावत दुसरीकडे बघत राहिले, हे त्यांचे उपकारच.

खोलीत येऊन मी चार खुर्च्यांपुढे पाचव्या खुर्चीत बसलो. रडू आलं नाही. राग आला, तोही स्वतःचाच. या माणसांनी स्मशानातल्या देवांवर पानंच्या पानं माझ्यासमोर वाचली होती, वेताळाचं, मसणवटीतल्या देवीचं, आणि मी खुळा मान डोलवत बसलो होतो की ही माणसं वेगळी आहेत.

"काय रे, दार उघडा टाकून बसलंस?"

मागच्या दाराशी भागी काकी होती. चार मैल चालून, शेतांच्या बांधावरून, कुंपणाच्या भगदाडातून आत आली होती. पायांना चिखल, लुगड्याला कुसळं.

"कोणी आलं नाही काकी," मी म्हणालो. "आज वाचन नाही."

"मी इलंय मा."

ती आत आली. मांडी घालून जमिनीवर बसायला लागली, मी खुर्ची पुढं केली तर खुर्चीत बसली, नवख्या माणसासारखी काठावर. चार खुर्च्या बघितल्या, कप बघितले. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "माका भूक लागली आसा. काय केलंस ता दी."

मी पोळी वाढली, वर तूप घातलं. तिनं दोन पोळ्या खाल्ल्या, सावकाश, बोटं चाटून. निळ्या काठाच्या कपातून चहा प्याली आणि अजून अर्धा मागितला. मी नुसता बघत होतो. माझ्या घरात कोणीतरी जेवत होतं, ते बघता बघता मी उठून उगीचच स्टोव्ह पुसला.

"ता सोड नी हय बस," ती म्हणाली. "तू माझ्यार रागावलंस."

मी बसलो. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "रागावलो होतो. दहा महिने तुम्ही माझी पाकळी पडू दिली नाही. मला वाटलं तुमचं माझ्याशी काहीतरी वाकडं आहे."

"वाकडा असता तर चार मैल चलान येतंय कित्याक?"

"मग का?"

काकीनं कप खाली ठेवला.

"तू पयल्या रविवारी इलंस, चाय पियालंस नी गेलंस. मगे वकील मास्तरांक इचारूक लागलो, ह्येची पाकळी पडली तर? ह्येच्या घराक जावचा लागतला. कोण कायच बोलाक नाय. सगळी जमनीकडे बघूक लागली. मास्तर म्हणाले, बघूया, देवाच्या मनात आसात तसा."

"आणि तुम्ही?"

"देवाच्या मनात काय आसा ता माका ठावक नाय. माणसांच्या मनातला माका कळता." तिनं माझ्या खुर्च्यांकडे हात केला. "तू ह्यो अश्यो खुर्च्यो मांडून एकटोच बसतलंस, ता माका तेवाच दिसला. म्हणान मी तुजी पाकळी घट लावी होतंय. पडलीच नाय तर कोणाक नाय म्हणाचा लागाचा नाय, नी तुका आयकाचा लागाचा नाय."

गेले पंधरा दिवस मी या बाईवर मनातल्या मनात जळत होतो. आणि ती दर महिन्याला पाण्यात अंगठा बुडवून मला या दिवसापासून राखत होती.

"काकी, त्या दिवशी मी लबाडी केली," मी म्हणालो. "माझी पाकळी लावताना अंगठा पुसून घेतला. देवानं काही दिलं नाही, मीच घेतलं."

"मगे? मी अंगठो भिजवी होतंय तो काय देवान सांगितल्लो?" ती हसली. तिचे दोनच दात दिसले. "दोघांनीय देवाक फसयला. वाच आता."

"काय वाचू?"

"पुस्तक वाच. मी काय पोळयो खावक इलंय?"

मी पुस्तक काढलं. तयारी केली होती तो आवाजाचा चढउतार काही आठवला नाही, सरळ वाचत गेलो. देव रात्री गाव फिरतो तो भाग आला तेव्हा काकी म्हणाली, पुन्हा वाच. पुन्हा वाचला. चपलांचे तळवे झिजतात तिथं तिनं मान हलवली, तिच्या नवऱ्यानं तशा झिजलेल्या चपला बघितल्या होत्या म्हणाली. मधे एकदा मी तिच्या पायांकडे बघितलं. भेगा तशाच होत्या, चालून चालून एकीतून रक्त आलं होतं. मी ओल्या फडक्यानं पुसू लागलो तर तिनं पाय ओढला नाही. साठ पानं वाचून व्हायला उजेड सरत आला.

निघताना ती दारात थांबली.

"पयल्या रविवारी ये," ती म्हणाली. "मास्तरांच्या घराक येवचा सोडू नको. मी घट लावतलंय."

तिला आवारातून फाटकापर्यंत पोचवलं. परत येऊन सगळे कप धुतले, न वापरलेलेसुद्धा.

जानेवारीचा पहिला रविवार आला तेव्हा सकाळपासून मी ठरवत होतो की जायचं नाही. माणसाला काही अभिमान असतो. दोन वाजेपर्यंत तो होता. अडीचला मी शर्टाला इस्त्री केली.

सगळे होते. सगळे नेहमीपेक्षा जरा जास्तच प्रेमानं बोलले. वकील म्हणाले, त्या दिवशी अचानक कोर्टाचं काम निघालं. रविवारी कोर्ट नसतं हे त्यांच्याही ध्यानात आलं असावं, कारण ते लगेच हवेवर बोलू लागले. वासंतीबाईंनी मला बसायला त्यांच्या शेजारची जागा करून दिली. चपलांच्या पुस्तकाचं नाव कोणी काढलं नाही. मी एक दुसरंच पुस्तक सुचवलं, झऱ्यांच्या देवतांबद्दलचं, आणि सर म्हणाले वा.

काकी दगडासमोर बसली. सरांची पाकळी लावली, वकिलांची लावली, बाईंची लावली. मग माझी उचलली आणि थांबली. तिचा अंगठा कोरडा होता. तांब्या हाताशी होता, पण तिनं तो उचलला नाही. मान वळवून माझ्याकडे बघत राहिली.

ती मला विचारत होती. त्या परसात मला काही विचारणारी ती एकटीच होती. कोरडी लावली असती तर पाकळी पडली असती, सरांना सगळ्यांसमोर म्हणावं लागलं असतं की तिसऱ्या रविवारी हत्तुऱ्यांकडे, आणि मग त्यांना बोलावं लागलं असतं, मला ऐकावं लागलं असतं, आणि त्यानंतरचे सगळे रविवार माझ्या खोलीत माझे एकट्याचे झाले असते. बाकीचे तिघं जमिनीकडे बघत होते.

"काकी," मी म्हणालो, "अंगठा नीट भिजवा."

तिनं अंगठा मुळापर्यंत तांब्यात बुडवला आणि माझी पाकळी दाबून धरली. शेजारी सरांनी सोडलेला श्वास मला स्पष्ट ऐकू आला. त्या मंडळात मी पुढं सात वर्षं होतो. माझी पाकळी एकदाही पडली नाही.